झोपायला मऊ असेल

माझा तो ड्रेस साधा नव्हता, हे आधी सांगते. गडद निळं, हातछपाईचं सुती कापड, लक्ष्मी रोडवर अर्धा दिवस घालवून आणलेलं. शिंप्याकडे खेपा घालून शिवून घेतलेलं. आणि मुख्य म्हणजे उजव्या बाजूला खिसा. कुर्त्याला खिसा लावून घ्यायला शिंप्याशी किती हुज्जत घालावी लागते हे बायकांना माहीत आहे, पुरुषांना सांगून उपयोग नाही. तर हा इस्त्रीचा ड्रेस घालून मी जपानमधल्या एका जुन्या, मानाच्या, पाश्चात्य धाटणीच्या हॉटेलच्या लॉबीत उतरले आणि मला सांगण्यात आलं की रात्रीच्या कपड्यांत खाली येऊ नये.

आठवडा झाला परत येऊन. अजून आठवलं की डोकं तापतं.

हॉटेलचं नाव सांगत नाही. जुन्या बंदराच्या गावातलं आहे, एवढं पुरे. शोध नवऱ्याचा. ‘ऐतिहासिक वास्तू, आणि रविवारी रात्री दोघांचे मिळून सतरा हजार येन! म्हणजे दहा हजार रुपयांच्या आतबाहेर. महाबळेश्वरला डिसेंबरात एवढ्यात ओल आलेली भिंत मिळते.’ ऐतिहासिक वास्तू होती, नाही असं नाही. फिरता दरवाजा, लाल गालिचा, पितळी कठड्याचा जिना. आमची खोली मात्र मागच्या नव्या इमारतीत, जिच्या खिडकीतून ऐतिहासिक वास्तूच्या एसीची यंत्रं दिसत. स्वस्त आणि ऐतिहासिक हे दोन्ही एका ठिकाणी मिळालं, तर इतिहास बघायला मिळतो, त्यात झोपायला मिळत नाही.

रात्री जेवायला आम्ही करी-राइस मागवला, कारण यादीत तोच परवडत होता. भाताची बशी वेगळी, चांदीच्या नावेसारख्या भांड्यात करी वेगळी, आणि बाजूला फुकुजिनझुके नावाचं लालभडक गोडसर लोणचं. ही करी भारतातून इंग्लंडला आणि इंग्लंडहून जपानला अशी फिरून आलेली, त्यामुळे वाटेत तिखट कुठेतरी उतरून गेलं होतं. रासबिहारी बोसांनाही हे सहन झालं नसावं. इंग्रजांच्या तावडीतून निसटून ते 1915 साली जपानला आले, तोक्योच्या शिंजुकूमधल्या नाकामुराया दुकानवाल्यांनी त्यांना लपवलं, पुढे त्याच घरची मुलगी त्यांनी केली, आणि 1927 साली सासऱ्यांच्या दुकानात भारतीय पद्धतीची करी सुरू करून दिली. ती तिथे अजून मिळते. क्रांतिकारक जावयाने सासरच्या स्वयंपाकात केलेली एवढी यशस्वी ढवळाढवळ दुसरी माझ्या ऐकिवात नाही. माझ्या जावेच्या यजमानांना साधा वरणभात लावता येत नाही, पण ते जाऊ दे.

तर त्या गोडसर करीवर मला चहा हवा होता. पुण्याहून चहाचा मसाला, दुधाची पावडर, सगळं नेलं होतं. खोलीतली किटली बंद पडली. नवरा तोवर घोरू लागलेला. मी स्टीलचा थर्मास घेतला आणि निघाले.

आता लक्ष देऊन ऐका. लिफ्टमध्ये पाटी होती. युकाताचं, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या सुती जपानी झग्याचं चित्र, त्यावर फुली. स्लिपरचं चित्र, त्यावर फुली. लॉबीत आणि डायनिंग रूममध्ये हे घालून येऊ नये. मी पाटी वाचली, परत खोलीत गेले, हॉटेलच्या पांढऱ्या स्लिपर काढल्या आणि माझ्या कोल्हापुरी घातल्या. हे मी करायला नको होतं असं कोणी म्हणूनच शकत नाही. आधीचे सगळे दिवस या देशाने माझे बूट काढले होते. देवळात काढा, जेवणघरात काढा, कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूममध्ये शिरायच्या आधी काढा. ताताम्यावर, म्हणजे तिथल्या विणलेल्या चटयांच्या जमिनीवर, स्लिपरही नको. संडासाच्या स्लिपर निराळ्या, त्या बाहेर आणल्या तर हाहाकार. आधीच्या मुक्कामी, जपानी पद्धतीच्या सरायीत, अख्खं गिऱ्हाईक युकाता गुंडाळून जेवायला बसलं होतं आणि मालकीणबाई कौतुकाने हसत होत्या. आणि इथे त्याच युकातावर फुली. चालायचंच. पाश्चात्य हॉटेल आहे, नियम पाळू.

काउंटरवरच्या मुलाने आधी माझ्या पायांकडे बघितलं. मग थर्मासकडे. मग दातांतून ‘स्सस्’ करून हवा आत ओढली. जपानमध्ये हा आवाज आला की समजायचं, आपलं काम होणार नाही आणि ते कोणी तोंडाने सांगणारही नाही. ‘हॉट वॉटर?’ मी म्हटलं. ‘स्सस्,’ तो म्हणाला, आणि असहायपणे माझ्या मागे बघू लागला.

मागे खुर्चीत आजी बसल्या होत्या. हॉटेलच्या कोणी नव्हत्या, आमच्यासारख्याच पाहुण्या. पण त्या खुर्चीत त्या अशा बसल्या होत्या की खुर्ची त्यांच्याभोवती बांधून घेतली असावी. रात्री साडेनऊ वाजता डोक्यावर हॅट, गळ्यात मोत्यांची माळ, मांडीवर हातमोज्यांची घडी. त्या उठल्या. शाळेत इंग्रजी शिकवत असाव्यात, कारण प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहिल्यासारखं सुटं सुटं बोलत होत्या.

‘क्षमा करा. तुम्ही कुठल्या देशाच्या?’

‘भारत.’

‘आहा. भारतातलं नाइटवेअर फार सुंदर असतं.’

मी म्हटलं, ‘हे नाइटवेअर नाही. हा बाहेर घालायचा ड्रेस आहे.’

‘हो, हो,’ आजी मान डोलावत म्हणाल्या. माझी लाज झाकल्याबद्दल त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मग बाहीचं कापड दोन बोटांत धरून बघितलं. ‘कॉटन. झोपायला मऊ असेल.’

‘मी हा घालून झोपत नाही. मी हा घालून ऑफिसला जाते.’

आजींनी काउंटरवरच्या मुलाला जपानीत काहीतरी सांगितलं. त्याने माझ्याकडे इतक्या करुणेने बघितलं की भारतातल्या ऑफिसांबद्दल त्याला काय सांगितलं गेलं, याचा मी अजून विचार करते आहे.

मग मला सुचलं. खिसा! रात्रीच्या कपड्यांना कोणी खिसा लावतं का? मी उजवा हात कोपरापर्यंत खिशात घालून दाखवला. मोबाइल काढला, खोलीची किल्ली काढली, एक सुपारीची पुडी निघाली तीही दाखवली. आजी थक्क झाल्या. हातमोजे छातीशी धरून म्हणाल्या, ‘नाइटवेअरलासुद्धा खिसा! भारत फार पुढे गेला.’

यावर काय बोलणार? मग कोल्हापुरींची पाळी आली. मी म्हटलं, या स्लिपर नाहीत, ही चामड्याची पारंपरिक चप्पल आहे, आमच्या सरकारने 2019 साली हिला जीआय मानांकन दिलंय. 2025 मध्ये मिलानच्या रॅम्पवर हिच्यासारखीच चप्पल मिरवली गेली तेव्हा आमच्याकडे केवढा गदारोळ झाला होता! आजींनी वाकून नीट बघितलं. टाच उघडी, बोटं उघडी. ‘खोलीत घालायला हवेशीर,’ त्यांनी निकाल दिला.

आणि मग, मला समजावं म्हणून, त्यांनी मला शेजारी बसवून पाश्चात्य रीतीचा इतिहास सांगितला. लग्नानंतर त्या यजमानांबरोबर पहिल्यांदा हाकोनेच्या फुजिया हॉटेलात उतरल्या होत्या. 1878 सालचं हॉटेल. तिथल्या डायनिंग रूमच्या खांबांच्या बुंध्यांवर उग्र चेहरे कोरलेत. ते तिसऱ्या मालकाचे, यामागुची शोझोंचे. नोकर नीट काम करतात की नाही यावर डोळा ठेवायला त्यांनी स्वतःचाच चेहरा कोरून घेतला, असं म्हणतात. याच गृहस्थांना भल्यामोठ्या मिशा होत्या, आणि त्यांनी जगभरच्या मिशाळ लोकांचा क्लबही काढला होता. ‘त्या खांबांसमोर,’ आजी म्हणाल्या, ‘मी आयुष्यात एकदाही कोपर टेबलावर टेकवलं नाही.’

मला मिशांबद्दल आणखी विचारायचं होतं, पण आजी पुन्हा कपड्यांवर आल्या.

एक गोष्ट मला तेव्हा सुचली नाही, ती आता लिहिते. ही हॉटेलं मुळात कोणासाठी बांधली? परक्यांसाठीच ना? 1858 च्या तहांनी बंदरं उघडली, परदेशी माणसं आली, त्यांना ताताम्यावर झोप येईना, कच्चा मासा गिळेना. सगळा आटापिटा त्यांच्यासाठी. निक्को गावात कानाया नावाच्या गृहस्थांनी 1873 मध्ये आपल्या राहत्या घरात परदेशी पाहुणे ठेवायला सुरुवात केली ती यासाठीच. फुजियाने तर 1893 मध्ये त्याच गावातल्या नाराया सरायीशी करार केला होता, परदेशी पाहुणे आमचे, जपानी तुमचे. म्हणजे परदेशी माणसाने हवं तसं राहावं म्हणून उभी केलेली वास्तू, आणि तिथे मी, अस्सल परदेशी बाई, माझ्या कपड्यांवरून अडवली जाते. परदेशी म्हणजे फक्त कोट-पँटवाला, हे करारात कुठे लिहिलं होतं?

आणि यात जपानला तरी काय बोल लावायचा! अनवाणी आले म्हणून चित्रकार हुसेनसाहेबांना आपल्या मुंबईतल्या एका क्लबने दारातून परत पाठवलं होतं. अजूनही कित्येक जिमखान्यांत चप्पल आणि कुर्ता घालून गेलं की कोणीतरी मिशाळ माणूस खांबातून बघितल्यासारखा बघतो. इंग्रज गेले, त्यांच्या बुटांची राखण आपण करत बसलोय. जपानवर तर त्यांचं राज्यही नव्हतं. यांनी हे हौसेने अंगावर घेतलं. हौसेने घेतलेला नियम सक्तीच्या नियमापेक्षा जास्त काटेकोर पाळला जातो, आणि त्याचा चटका माझ्यासारखीला बसतो, जिला फक्त गरम पाणी हवं होतं.

पाणी मिळालं, हेही सांगायला हवं. आजींनी माझ्या हातून थर्मास घेतला, मुलाला दिला, त्याने तो दोन्ही हातांनी, वाकून, भरून आणून दिला. आजी मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. कोणी बघू नये म्हणून त्या माझ्या आणि लॉबीच्या मधून चालत होत्या. माझ्यावर एवढे उपकार करणाऱ्या बाईचा मला इतका राग कधी आला नव्हता. खोलीत जाऊन चहा केला. मसाला जास्त पडला.

सकाळी नाश्त्याला मी जीन्स आणि प्रवासात मळलेला टीशर्ट घालून गेले. दारावरच्या वेटरने खुर्ची ओढून दिली. ऑम्लेट आलं, पिवळंजर्द, कुठे करपल्याचा डाग नाही. शेजारच्या टेबलावर एक गोरे गृहस्थ सायकलची घट्ट तोकडी चड्डी घालून पोच्ड अंडं खात होते. कोणीही दातांतून हवा ओढली नाही.

तेवढ्यात नवरा आला. पायांत धावायचे बूट, खाली गुडघ्याच्या वरची शॉर्ट्स, अंगात सोसायटीच्या क्रिकेट स्पर्धेचा पोपटी टीशर्ट, पाठीवर केबलवाल्याची जाहिरात. याच अवतारात तो झोपला होता. अक्षरशः, याच. मी श्वास रोखून बघत राहिले. हॅटवाल्या आजी आपल्या टेबलावरून उठल्या, त्याच्याकडे गेल्या, आणि हसून त्यांनी विचारलं, ‘आपण खेळाडू का?’

पर्वतीच्या निम्म्या पायऱ्यांवर बसकण मारणारा हा माणूस चक्क ‘हो’ म्हणाला.