कर्नल पॉवर ४१

नागपुरात नवतपा लागला की माणसं दुपारी कूलरसमोरून हलत नाहीत, माझा लॅपटॉप मात्र सरळ मान टाकतो. बाहेर ४५, मी मीटिंगमध्ये "तर या महिन्याचे आकडे बघितले तर..." म्हणतोय न म्हणतोय तोच स्क्रीन काळी. ना वॉर्निंग, ना राम राम. लगेच बटण दाबलं तर ढिम्म, दहा मिनिटांनी दाबलं की आपण त्या गावचेच नाही अशा थाटात चालू.

आधी वाटलं व्हायरस असेल. मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बिघाडांची नोंदवही, उघडलं, तिथे लाल खूण आणि पुढे 'कर्नल पॉवर ४१'. बाबा मागून चष्मा वर करून वाचत होते. "हा कर्नल कोण रे? अन् आपलं मशीन काहून बंद पाडते?" अर्थ शोधला तर कर्नल म्हणजे विंडोजचा गाभा, आणि तो एरर एवढंच सांगतो की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं होतं. अहो ते माहितीये मला, मी समोरच बसलो होतो!

मग टेम्परेचर दाखवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. काही न करता ७०, एक्सेल उघडलं की ८८, व्हिडिओ कॉल लावला की ९७, ९८... या प्रोसेसरची हद्द १०० च्या आसपास, तिथे पोचायला लागला की तो आधी स्वतःचा स्पीड कमी करतो (तरीच माऊस गुळात रुतल्यासारखा चालत होता) आणि तेवढ्यानेही भागलं नाही की जळण्यापेक्षा बंद पडलेलं बरं म्हणून मशीन स्वतःच पॉवर तोडतं. म्हणजे बिचारा जीव वाचवत होता आणि मी त्याला शिव्या घालत होतो.

हे घरात सांगितलं आणि चूकच झाली. आई ओला पंचा घेऊन आली, माठाला गुंडाळतो तसा गुंडाळू म्हणाली. बायको म्हणाली फ्रीजमध्ये ठेव, ती गंमत करत होती की सिरियस होती ते अजून कळलेलं नाही. बाबांनी कूलरसमोर स्टूल टाकून त्यावर ठेवला आणि खरंच ५ डिग्री उतरले हो, पण मग वाळ्याच्या ताटीतनं बारीक तुषार कीबोर्डवर यायला लागले तेव्हा मीच उचलून पळालो. सीताबर्डीवरच्या एका दुकानदाराने तर न उघडताच "मदरबोर्ड गया भाऊ, नौ हजार" सांगून टाकलं.

शेवटी रविवारी व्हिडिओ बघत बघत स्वतःच खोललं. अकरा स्क्रू, डब्याच्या झाकणात मोजून ठेवले, आधी बॅटरीची पिन काढली. पंख्यावर धूळ होतीच, पण खरा माल पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे होता, चिमट्याने ओढला तर अख्खी पट्टीच निघाली, करड्या नमद्यासारखी, जाड, सलग. हवा जाणार कुठून? त्या पट्टीत एक केशरी धागा होता. बायकोने तो उजेडात धरला, मग पलंगाकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोन वर्षं मी लॅपटॉप आईने शिवलेल्या गोधडीवर ठेवून काम करतोय, खालची भोकं बंद, आणि पंखा आपला इमानेइतबारे गोधडी आत ओढतोय.

"तरी म्हटलं गोधडी विरली कशी," आई म्हणाली.

प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर पोचवणारा लेप) वाळून भिंतीच्या पोपड्यासारखी झाली होती, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवीन तांदळाच्या दाण्याएवढी लावली आणि झाकण बसवलं. आता नुसता असतो तेव्हा ५०, मीटिंगमध्ये ८० च्या पुढे जात नाही. पंख्याचा तो जात्यासारखा आवाजही गेला.

फक्त झाकणात एक स्क्रू उरलाय. मोजले तेव्हा अकराच होते, लावले दहा, आणि मागे एकही भोक रिकामं दिसत नाही. बाबा म्हणाले, "राहू दे, कर्नलसाहेबांचा असंल."