एका केबलपायी

स्कूटर दुरुस्त करणं अवघड नसतं, स्कूटरपर्यंत पोचणं अवघड असतं. मोटरसायकलचं इंजिन चारचौघांत उघडं बसलेलं असतं, स्कूटरचं मात्र पडद्यात. आपण रोज जिला पुसतो, जिच्यावर चरा पडला की हळहळतो ती स्कूटर नसतेच, ती तिची टरफलं. खरी स्कूटर म्हणजे आतला काळा, धुळकट सांगाडा. त्याचं दर्शन फक्त मेकॅनिकला होतं आणि माझ्यासारख्या हौशी माणसाला.

पूर्वी असं नव्हतं. 1946 साली पहिली व्हेस्पा आली तेव्हा तिची पत्र्याची बॉडी हाच सांगाडा होता. एका बाजूचं झाकण उघडलं की इंजिन समोर. मग 1958 साली होंडाने आपल्या सुपर कब या दुचाकीला पायांपुढचा पडदा चक्क पॉलिथिलीनचा बसवला. हलका, स्वस्त, गंजायचं नाव नाही. कल्पना चांगलीच होती, पण प्लास्टिकला एकदा ओसरी दिली की ते घरभर पाय पसरतं. आता बहुतेक स्कूटरींवर पुढच्या नाकापासून मागच्या शेपटीपर्यंत तेच.

मला बदलायची होती एक्सलरेटरची केबल. हँडलपासून कार्ब्युरेटरपर्यंत जाणारी एक सुतळीएवढी वस्तू. दोन टोकं सोडवायची, दोन टोकं अडकवायची, एक नट फिरवून ताण जुळवायचा. पण ही केबल हँडलमधून निघून पुढच्या पडद्याच्या पोटात उतरते, पाय ठेवायच्या फळीखालून सरपटत जाते आणि सीटखाली वर येते. म्हणजे फळी काढायला हवी. फळीची कड बाजूच्या पॅनेलखाली दबलेली. ते पॅनेल मागच्या धरायच्या दांडीखाली. दांडीचे बोल्ट सीटखाली. पुढचं काम करायचं तर सुरुवात पार मागून करायची, असा हा न्याय.

स्क्रूंबद्दल थोडं सांगायला हवं, कारण निम्मं आयुष्य तिथे जातं. फुलीचा प्रत्येक स्क्रू एकच असतो असा आपला समज. जपानी घराण्यातल्या स्कूटरींवर बरेचदा जपानी मापाची फुली असते. डोक्यावर बारीक ठिपका दिसला तर तीच. तिच्यात घरातला नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर बसल्यासारखा वाटतो, पण पूर्ण बसत नाही. जोर लावला की तो उसळून बाहेर येतो आणि येताना फुलीच्या चारही भिंती पाडून येतो. मग त्या स्क्रूच्या डोक्यावर फुली उरत नाही, वाटी उरते. मी त्या मापाचा स्क्रूड्रायव्हर वेगळा घेऊन ठेवला आहे. घरात तो कुणालाही द्यायचा नाही, डब्याचं झाकण उचकटायला तर नाहीच नाही.

मग प्लास्टिकचे रिव्हेट. हे गोल बटणासारखे दिसतात आणि दिसताक्षणी उचकटावेसे वाटतात. उचकटायचे नसतात. मधली खिळी बोटाने आत दाबायची, टक् झालं की अख्खं बटण अलगद निघतं. दुसऱ्या एका जातीत तीच खिळी वर ओढायची. कुठली जात कुठली, हे तोंडावरून कळत नाही. निर्माण करणाऱ्याने एवढं तरी ठरवायला हवं होतं की दारावर ‘ढकला’ लिहायचं की ‘ओढा’.

सगळे स्क्रू निघाले, रिव्हेट निघाले, तरी पॅनेल जागचं हलत नाही. स्क्रू हा नुसता दिखावा असतो. पॅनेलला खरं धरून ठेवतात ते आतले हुक आणि खाचा. ते सुटायला पॅनेल आधी पुढे सरकवायचं की मागे, की खाली दाबून बाहेर, हे ज्या त्या पॅनेलच्या स्वभावावर. आणि एवढं करूनही जर ते एका कोपऱ्यात घट्ट असेल तर तिथे अजून एक स्क्रू आहे. नाही म्हणू नका, आहेच. मॅटखाली असेल, चिखलात बुजला असेल, सीट उचलल्याशिवाय दिसत नसेल, पण असेल. हट्टाला पेटलेल्या पॅनेलची बाजू नेहमी न्यायाची असते.

हे शोधायला बॅटरी धरून मुलगी उभी होती. बॅटरी धरणाऱ्या माणसाचा एक सार्वत्रिक नियम आहे: उजेड तो बघत असतो तिथे पडतो, आपण बघत असतो तिथे नाही.

“इथे धर ना.”

“बाबा, इथे कोळ्याचं जाळं आहे.”

“जाळं नको, हुक दाखव.”

तेवढ्यात कटाक् असा आवाज झाला. दोघंही थिजलो. हुक सुटल्याचा आवाज आणि हुक तुटल्याचा आवाज हुबेहूब सारखाच का असतो, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. पॅनेल हातात येऊन उलटं होईपर्यंत माणूस श्वास घेत नाही. हुक शाबूत होता. त्याचं श्रेय हेअर ड्रायरला. गारठलेलं प्लास्टिक वाकत नाही, सरळ मोडतं. थोडं ऊबदार झालं की लवतं. केस वाळवायचं यंत्र अंगणात स्कूटरवर फिरवताना बघून बायको काही बोलली नाही, पण तिने ते परत आत नेताना दोनदा पुसलं.

पॅनेलच्या पाठीवर त्याच्या प्लास्टिकची जात छापलेली असते. रंगवलेल्यांवर बहुधा ए.बी.एस. (ब्रेकचं नव्हे, त्या नावाचं प्लास्टिक), खालच्या काळ्या, रंग नसलेल्यांवर पी.पी. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. हे वाचून ठेवावं. ए.बी.एस.चा हुक मोडला तर त्याच प्लास्टिकचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेला लगदा आतल्या बाजूने लावता येतो. बाहेर सांडला तर रंगही विरघळतो, म्हणून जपून. पॉलिप्रॉपिलीनला ॲसिटोनचं काही वाटत नाही. साधा गोंद त्याला धरत नाही, तापवून सांधावं लागतं.

पण खरी मौज पॅनेलच्या मागे होती. आपल्याआधी इथे कोण येऊन गेलं, हे तिथे सगळं लिहिलेलं असतं. ज्या मेकॅनिकने मागच्या वेळी ही स्कूटर उघडली होती, तो घाईचा माणूस असावा. चार भोकांपैकी दोन रिकामी. एका ठिकाणी स्क्रूऐवजी प्लास्टिकची पट्टी करकचून बांधलेली. एका भोकात लाकडात मारायचा स्क्रू, आणि त्याचं टोक वायरिंगच्या इतकं जवळ की मी नुसतं बघूनच मागे सरकलो. बिलात मात्र ‘फिटिंग’ असा शब्द वाचल्याचं आठवतं.

सगळे स्क्रू मी पुठ्ठ्यावर स्कूटरचं चित्र काढून, ज्या त्या जागी खोचून ठेवले. चित्र मुलीने काढलं, म्हणून स्कूटरला डोळे आणि पापण्या होत्या. रिकाम्या भोकांसाठी मापाचे नवे स्क्रू आणून तेही खोचले. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर बाहेरच्या रंगाला आतून फोड येतो, त्यामुळे इथे कंजूषपणा नाही.

केबल बदलली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मूठ दोन ते सहा मिलिमीटर मोकळी फिरते ना ते पाहिलं. इंजिन चालू ठेवून हँडल पार डावीकडे, पार उजवीकडे वळवलं. वळवताना इंजिनचा आवाज चढला तर केबल कुठेतरी ताणली जाते आहे असं समजायचं, आणि हे पॅनेल चढवण्याआधीच समजायचं. आवाज चढला नाही.

आता बसवणं. याबद्दल माहितीपुस्तिका एवढंच म्हणते की काढण्याच्या उलट क्रमाने बसवावे. एवढं छोटं आणि एवढं निर्दय वाक्य दुसरं नसेल. काढताना जे पॅनेल स्कूटरच्या मापाचं होतं, ते बसवताना दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं वाटतं. पहिली तीन भोकं जुळतात, चौथं अर्धा चंद्र दाखवतं. म्हणून एकही स्क्रू पूर्ण आवळायचा नाही. सगळे नुसते अडकवायचे, मग पॅनेलला इकडून तिकडून समजावत, शेवटी आवळायचे. प्लास्टिकमध्ये थेट जाणारा स्क्रू आधी उलटा फिरवायचा. खट् करून तो जुन्या आट्यात उतरतो, मग सुलटा. नाहीतर तो नवे आटे पाडतो आणि दोनचार वेळा असं झालं की भोकाला आटेच उरत नाहीत. आणि ते पातळ पत्र्याचे क्लिप-नट! स्क्रूचं टोक लागलं रे लागलं की कडेवरून घसरून स्कूटरच्या पोटात उडी मारतात. दोरीला लोहचुंबक बांधून मुलीने गळ टाकला. बॅटरीपेक्षा हे काम तिला पुष्कळ आवडलं.

शेवटचा स्क्रू पापणीवरचा होता. तो बसला, पुठ्ठा रिकामा झाला, आणि बायको स्कूटर घेऊन एक चक्कर मारायला गेली. परत आली ती कपाळाला आठी घालून.

“काय झालं? मूठ जड जाते?”

“मूठ छान आहे. पण ती मागची खुळखुळ कुठे गेली?”

“गेली. सगळे स्क्रू लावले ना.”

“अहो, ती पहिल्यापासून होती,” ती म्हणाली. “तुमचं काहीतरी बसवायचं राहिलंय. नीट बघा एकदा उघडून.”