हितसंबंध सोडून बोला

नाशिक जिल्ह्यात हवामान बदलावर काम करायला निघाला आहात? छान. निधी मंजूर आहे, गोदावरी आहे, आणि फोटोला द्राक्षबाग आहे. पथ्य एकच पाळा: यात कोणाला काय मिळतं आणि कोणाचं काय जातं, हे विचारू नका. तो प्रश्न इथे लासलगावच्या आवारातला हमालसुद्धा विचारतो. सगळ्यांनाच पडणारा प्रश्न तज्ज्ञाने विचारला, तर तज्ज्ञाला मानधन कशाचं द्यायचं?

तिकडच्या लोकांनी मात्र या प्रश्नाची रीतसर शाखा केली. ब्रिटनच्या विकास खात्याने या शतकाच्या सुरुवातीला 'ड्रायव्हर्स ऑफ चेंज' नावाने अभ्यास करवून घेतले. २००९ साली जागतिक बँकेने स्वतःची चौकट छापली. तिला म्हणायचं पोलिटिकल इकॉनॉमी अ‍ॅनालिसिस, आणि घाईत असाल तर पीईए. सार असं की योजना कागदावर कितीही देखणी असो, ती अडवायची ताकद कोणाकडे आहे, ती चालली तर कोणाचं दुकान बंद पडतं, लिहिलेले नियम कोणते आणि चालणारे कोणते, हे आधी बघावं. आपल्याकडे एवढं कळायला सोसायटीची एक निवडणूक पुरते. तुम्हाला त्यासाठी सहा महिन्यांची मुदत मिळणार आहे, तेव्हा उगाच लवकर कळून घेऊ नका.

सुरुवात शेततळ्यापासून करा. दाखवायला सोपं असतं. सिन्नर, चांदवड, येवला, कुठेही गाडी थांबवा. जमिनीपासून दोन-तीन पुरुष उंच मातीचा भराव, आत काळा प्लॅस्टिकचा कागद, वर तारेचं कुंपण, आणि काठावरून पाण्यात सोडलेले दोर. कागदावर पाय ठरत नाही, आत पडलेल्याला वर यायला काहीतरी धरायला हवं, म्हणून ते दोर. फोटो काढा. खाली लिहा, 'पावसाच्या पाण्याची साठवण करणारा प्रगतशील शेतकरी'. मात्र पावसाचं पाणी एवढा भराव चढून आत कसं येतं, हे विचारू नका. भरावावरून आत उतरलेला पाइप कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर ठेवा. तो विहिरीवरून आलेला असतो, आणि विहिरीत पाणी बोअरमधून. म्हणजे जमिनीच्या पोटात उन्हापासून सुरक्षित असलेलं पाणी वीज जाळून वर आणायचं आणि एप्रिल-मेच्या उन्हात उघडं ठेवायचं. याला आपण हवामान अनुकूलन म्हणतो.

आता कुतूहल म्हणूनसुद्धा हिशेब मांडायचा मोह होईल. आवरा. २०१६ ची 'मागेल त्याला शेततळे' योजना घ्या. अनुदान जास्तीत जास्त ५० हजार होतं, तेही खोदून झाल्यावर. म्हणजे आधी खिशातून घालता येईल त्यानेच मागायचं. कागद, भराव, कुंपण धरून खर्च त्याच्या कितीतरी पट जातो, आणि तो झेपतो द्राक्ष-डाळिंबवाल्याला. पोकलेनवाल्याला काम मिळालं, कागदाच्या डीलरचा माल गेला, कृषी कार्यालयाचं उद्दिष्ट मार्चच्या आत पुरं झालं, पुढाऱ्याला भाषणात सांगायला आकडा मिळाला. राहिला शेजारचा, दोन एकरांत बाजरी आणि थोडा कांदा करणारा. त्याची विहीर जानेवारीतच तळ दाखवते. तो लाभार्थ्यांच्या यादीत नाही, त्यामुळे तुमच्या सर्वेक्षणाच्या नमुन्यातही येणार नाही. बघा, पद्धतीतच किती सोय आहे!

तळंवाल्याला शिव्या घालू नका बरं. एकरी लाखांची बाग बँकेच्या पैशावर उभी असते. आपण नाही उपसलं तर बांधापलीकडचा उपसणार, हे त्याला ठाऊक असतं. त्याच्या जागी तुम्ही-मी असतो, तर एका तळ्यावर थांबलो नसतो. कायदा नाही असंही नाही. २००९ चा महाराष्ट्राचा भूजल कायदा ६० मीटरच्या खाली, म्हणजे साधारण दोनशे फुटांपलीकडे शेतीसाठी बोअर घेऊ देत नाही. हे बोअरच्या गाडीवाल्याला सांगून बघा. तो आदराने ऐकून घेईल, चहा पाजेल आणि फुटाचा दर सांगेल, तोही दोनशेच्या पुढच्या टप्प्याचा.

अहवालात यातलं काय लिहायचं? 'पाण्याच्या काटकसरीबाबत शेतकऱ्यांमध्ये जनजागृतीचा अभाव आढळला.' हे वाक्य पाठ करा. ते कुठल्याही तालुक्यात चालतं, कोणाला लागत नाही, आणि पुढच्या टप्प्यासाठी जनजागृतीचं अंदाजपत्रक आपोआप तयार होतं.

विजेकडे वळा. राज्यात शेतीपंपाला मीटरऐवजी अश्वशक्तीवर सपाट दर लावण्याची प्रथा १९७७ पासूनची. २०२४ साली विधानसभेच्या आधी साडेसात अश्वशक्तीपर्यंत वीजच मोफत झाली, मार्च २०२९ पर्यंत. शेतीची सवलत दुसऱ्याच्या बिलातून काढायची, या क्रॉस सबसिडीपायी चढलेला दर भरतात सातपूर-अंबडचे कारखाने. त्यांनी कुरकुर केली की त्यांना उद्योगस्नेही धोरणाची पुस्तिका द्यायची. यावर हरित उपाय म्हणजे सौर पंप. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच, बाकी सरकार. आणि खरं सांगायचं तर पंप हवाच आहे लोकांना. रात्रीच्या पाळीची वीज, हातात बॅटरी, उसात बिबट्या, अशा स्थितीत निफाडकडे पाणी भरायला जाणाऱ्याला दिवसा चालणारी मोटर म्हणजे देव भेटल्यासारखं आहे. त्याला नावं ठेवणाऱ्याने एकदा अमावस्येला दारं धरून दाखवावं.

पण तुमच्या तक्त्यात 'वाचलेला कार्बन' हा रकाना आहे. 'खाली गेलेली भूजल पातळी' हा रकाना नाही. सूर्य बिल पाठवत नाही, तेव्हा मोटर बंद करायचं कारणही उरत नाही. असा रकाना घालू का, असं वरिष्ठांना विचारू नका. एक रकाना वाढला की एक खातं वाढतं. ऊर्जा खातं म्हणेल पाणी आमचा विषय नाही, भूजलवाले म्हणतील पंप आमचा नाही, आणि तुमचा प्रकल्प सचिवांच्या बैठकीची तारीख मिळेपर्यंत संपलेला असेल.

कांद्याला तर हात लावूच नका. तिथे हवामान कुठे संपतं आणि राजकारण कुठे सुरू होतं, हे पिंपळगावच्या व्यापाऱ्यालाही सांगता येणार नाही; किंवा येईल, पण तो सांगणार नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड-दिंडोरीत गारपीट झाली, बागा झोपल्या, कांदा भिजला. पंचनामे चालू असतानाच ७ डिसेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. गारांचं नुकसान तुमच्या अहवालात 'हवामानविषयक जोखीम' म्हणून यायलाच हवं, नकाशासकट, लाल रंगात. निर्यातबंदीचं नुकसान कुठल्याच रंगात येणार नाही. ती जोखीम नसून धोरण आहे. कांदा खाणारा मतदार देशभर आहे आणि पिकवणारा मोजक्या जिल्ह्यांत, ही साधी बेरीज ज्यांना करायची होती त्यांनी केली. मग निवडणूक दारात आली तेव्हा, ४ मे २०२४ ला निर्यात उघडली, तीही टनाला ५५० डॉलर किमान दर आणि वर ४० टक्के शुल्क लावून. दिंडोरीत २० मेला मतदान झालं आणि केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या. हितसंबंधांचं विश्लेषण मतदारांनी करून दाखवलं, तेही चार्ट पेपरशिवाय.

तुम्ही मात्र त्याच शेतकऱ्याला सुधारित कांदाचाळीचं प्रशिक्षण द्या. भाव येईपर्यंत माल कसा टिकवावा, ते शिकवा. भाव आला की काय होतं, हा पुढच्या सत्राचा विषय, आणि ते सत्र वेळेअभावी रद्द.

गोदावरीवरच्या, खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाबद्दल कोणी विचारलंच तर खोऱ्याच्या एकात्मिक व्यवस्थापनावर बोला. २००५ चा कायदा समन्यायी वाटप सांगतो, २०१४ चा राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश म्हणतो की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडावं. ते सोडायची वेळ आली की नाशिक-नगरचे सगळ्या पक्षांचे पुढारी एका बाजूला आणि मराठवाड्याचे सगळ्या पक्षांचे दुसऱ्या. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे गंगापूर आणि दारणा धरणावर एका सुरात बोलतात. त्यातली सर्वमान्य शिफारस लिहून घ्या: पश्चिमेला समुद्राकडे जाणारं पाणी गोदावरी खोऱ्यात वळवावं. या पाण्याची खासियत अशी की ते येईपर्यंत कोणाचंच काही जात नाही, म्हणून त्याला कोणाचाही विरोध नाही. गेल्या कित्येक निवडणुका त्याच्यावर भिजल्या आहेत.

सिंहस्थ आणि तपोवनातली झाडं हे विषय टाळलेले बरे. साधुग्रामसाठी झाडं तोडण्यावरून २०२५ च्या अखेरीला शहर पेटलं होतं. तुम्ही पर्यावरणवाले असल्यामुळे तुम्हाला मत असेल असा लोकांचा गैरसमज होईल.

आता कार्यशाळा. ती शेतात घेऊ नका, मुंबई-आग्रा महामार्गावरच्या हॉटेलात घ्या, एसी सभागृहात. 'हवामान-सक्षम नाशिक' असा फलक. भिंतीवर चार चौकोनांचा तक्ता: उभ्या बाजूला ताकद, आडव्या बाजूला रस. पिवळ्या चिठ्ठ्या वाटा. पहिली चिठ्ठी 'जिल्हाधिकारी' म्हणून वरच्या उजव्या चौकोनात जाईल. 'महिला बचत गट' खाली उजवीकडे, म्हणजे रस भरपूर, ताकद नाही. वाद एकच होईल, ग्रामसेवक डावीकडे का उजवीकडे. टँकरच्या ठेकेदाराची चिठ्ठी कोणी लिहिणार नाही. पंपाच्या आणि कागदाच्या डीलरचीही नाही. एक तर ती माणसं फार मोठी असतात, किंवा मागच्या रांगेत बसून चिवडा खात असतात. एखादा तरुण कृषी सहायक चुकून 'आमदारांचे भाऊ' असं लिहून आणेलच. चिठ्ठी प्रेमाने घ्या, वाचा, 'स्थानिक नेतृत्व' अशी दुरुस्त करा आणि मग चिकटवा.

विश्लेषण अगदीच खरं झालं, तर घाबरू नका. त्यावर 'अंतर्गत वापरासाठी' असा शिक्का मारून आणा. ज्यांच्याबद्दल ते आहे त्यांना ते आधीच माहीत असतं, आणि ज्यांच्या जिवावर ते केलं त्यांना वाचायला मिळत नाही. जाहीर करायच्या आवृत्तीत मग 'राजकीय इच्छाशक्ती'चा एक परिच्छेद घाला. ती कधीच कोणा एका माणसाची नसते, त्यामुळे तिच्या अभावाबद्दल कोणाला फोन करावा लागत नाही.

निधी देणाऱ्यांबद्दल तर असले प्रश्न मनातही आणू नका. श्रीमंत देशांनी २००९ साली कोपनहेगनच्या हवामान परिषदेत सांगितलं की २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ. ते त्यांच्याच हिशेबाने २०२२ मध्ये जमले, त्यातही मोठा वाटा कर्जाचा. २०२४ ला बाकूच्या परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज ठरले. एवढ्या उधारीवर आमच्याकडे किराणावाला पाटी लावतो. आणि ज्यांनी जगाला हे हितसंबंधांचं शास्त्र शिकवलं, त्या ब्रिटिश विकास खात्याला २०२० मध्ये परराष्ट्र खात्याने पोटात घेतलं. अमेरिकेच्या यूएसएड या मदतसंस्थेचं दुकान २०२५ मध्ये बंद झालं. इतक्या देशांतल्या सत्तेचे नकाशे काढले, घरच्या सत्तेचा तेवढा काढायचा राहून गेला. तुमचा पुढचा हप्ता आलाय का, ते आजच बघून घ्या.

आता कार्यशाळेतला सगळ्यात अवघड क्षण. समारोपाच्या आधी मागून एक म्हातारबाबा उठतील. धोतर, गांधी टोपी, हातात तुम्हीच दिलेली फाइल. म्हणतील, "साहेब, सकाळपासून बघतोय. या चौकोनांत आमदार झाले, ग्रामसेवक झाला, आमची लेकीसुनांची मंडळंही झाली. तुमची चिठ्ठी कुठाय?" सभागृहात हशा पिकेल. तुम्हीही हसा. उत्तर देऊ नका. "बाबा, फार महत्त्वाचा मुद्दा मांडलात, जेवणानंतर यावर जरूर बोलू," असं म्हणा. आणि जेवणानंतरचं सत्र थेट प्रमाणपत्र वाटपाचं राहील, एवढी खबरदारी कार्यक्रमपत्रिका छापतानाच घ्या.