हात जोडलेला फोटो नको, उत्तर हवे!

पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे प्रशासकच कारभार पाहत राहिले; एवढी वाट पाहायला लावून निवडणूक आली, तर उमेदवारांनी आमच्यापुढे काय ठेवले? स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ! परवा धायरीत टँकरची वाट पाहत मी आमच्या प्रभागातल्या एकाचे उघडले. वर हात जोडलेला फोटो, खाली वाढदिवसाची सरकती छायाचित्रे, आणि ‘विकासकामे’वर बोट ठेवले की ‘माहिती लवकरच’. लवकरच म्हणजे कधी, मतदान झाल्यावर? संपर्काच्या रकान्यात पाण्याची तक्रार लिहिली, तर तिला उत्तर नाहीच, उलट दुसऱ्या दिवसापासून माझ्या मोबाइलवर प्रचाराचे संदेश आदळू लागले. तो क्रमांक मी तक्रारीसाठी दिला होता! मालमत्ता, शिक्षण, गुन्हे यांची माहिती अर्जासोबतच्या शपथपत्रात द्यावीच लागते, मग तेच कागद इथे चढवायला काय अडते? प्रभागात चार-चार जणांना मत द्यायचे, त्यासाठी रात्री जागून ही सगळी संकेतस्थळे चाळायची, आणि आमच्या नळाला पाणी कधी येणार हे एकातही सापडू नये, याचा मला मनस्वी संताप येतो.