राणा ज्या शब्दावर भारतात आला

२६/११च्या मुंबई हल्ल्याच्या कटातला आरोपी तहव्वुर राणाला घेऊन विमान १० एप्रिल २०२५ला अमेरिकेतून दिल्लीत उतरलं, तेव्हापासून इथे शिकागोत बसून भारतातल्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दोनच वाद ऐकतोय. त्याला आणलं कुणी, आणि ‘तुमच्या अमेरिकेने’ त्याला पंधरा वर्षं का सांभाळलं? दोन्ही बाजूंना वाटतं की एक खणखणीत फोन गेला असता तर माणूस कधीच हातात आला असता. हे वाचून मनापासून संताप येतो, कारण ज्यांनी हे काम केलं त्यांनी ते कागदपत्रांच्या जोरावर केलं.

पंधरा वर्षांचा हिशेब आधी मांडू. एफबीआयने राणाला ऑक्टोबर २००९मध्ये शिकागोत पकडलं. जून २०११मध्ये ज्युरीने लष्कर-ए-तोयबाला मदत आणि डेन्मार्कमधल्या वृत्तपत्रावरच्या हल्ल्याचा कट यांत त्याला दोषी धरलं, मुंबईच्या कटातून मात्र निर्दोष सोडलं. शिक्षा १४ वर्षांची. जून २०२०मध्ये प्रकृतीच्या कारणाने सुटका झाली आणि लगेच भारताच्या विनंतीवरून लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा अटक. म्हणजे निम्म्याहून जास्त काळ तो इथल्याच खटल्यात आणि शिक्षेत होता. प्रत्यार्पणाची लढाई उरलेल्या पाच वर्षांची.

ती कशी चालते ते घरी कुणी सांगत नाही. १९९७च्या भारत-अमेरिका प्रत्यार्पण करारानुसार घाईच्या वेळी आधी तात्पुरती अटक मागता येते, पण मग ६० दिवसांत आरोपपत्र, वॉरंट, पुरावा असा सगळा संच पोहोचावा लागतो, नाहीतर माणूस सुटू शकतो. मॅजिस्ट्रेटसमोर दोष सिद्ध करायचा नसतो. संशयाला सबळ आधार आहे एवढंच दाखवायचं असतं. म्हणूनच ज्युरीने सोडलेल्या माणसाविरुद्धही पुरावा पुरेसा ठरू शकतो. विरोधात निकाल गेला तर आरोपीला थेट अपील नाही. हेबियस कॉर्पसचा (कैद बेकायदा आहे असं म्हणणारा) अर्ज, मग नाइन्थ सर्किट हे केंद्रीय अपील न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय. आणि ताबा देण्याची शेवटची सही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्याची.

राणाचा मुख्य बचाव कराराच्या कलम ६चा होता: ज्या गुन्ह्यात एकदा निर्दोष सुटलो, त्याच गुन्ह्यासाठी मला पाठवता येणार नाही. सगळा खटला ‘गुन्हा’ या एका शब्दावर टेकला. गुन्हा म्हणजे घडलेलं कृत्य, की कायद्यात त्या गुन्ह्याचे जे घटक लिहिलेत ते? कृत्य धरलं तर राणा सुटला असता, कारण मुंबई एकच. न्यायालयांनी घटक धरले. भारताच्या आरोपपत्रातलं देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचं कारस्थान, खून, बनावट कागदपत्रं यांचे घटक शिकागोतल्या आरोपांहून वेगळे निघाले. १६ मे २०२३ला मॅजिस्ट्रेट, १५ ऑगस्ट २०२४ला नाइन्थ सर्किट, २१ जानेवारी २०२५ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा त्याचा अर्ज ऐकायला नकार. कुणाच्याही छातीच्या इंचांपेक्षा आरोपपत्रातल्या कलमांची ही निवड मला मोठी वाटते.

आता ‘आणलाय तर लटकवा’ म्हणणाऱ्यांनी १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला अबू सालेम आठवावा. पोर्तुगालने २००५मध्ये त्याला दिला तो फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही, या लेखी हमीवर. पुढे भारतात त्याच्यावर जादा कलमं लावली गेली, तेव्हा लिस्बनच्या न्यायालयाने हमी मोडली असं ठरवून प्रत्यार्पणच रद्द केलं. त्यातले काही आरोप भारताला मागे घ्यावे लागले आणि २०२२मध्ये आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो शब्द सरकारला पाळावाच लागेल. ज्या गुन्ह्यांसाठी माणूस मागितला, त्यांचाच खटला चालवायचा. राणाच्या बाबतीत हे चुकलं तर पुढचा फरारी मागताना प्रत्येक परदेशी वकील तोच कागद न्यायाधीशापुढे ठेवेल.

२६/११चाच आरोपी, गेवराईचा झबिउद्दीन अन्सारी २०१२मध्ये सौदीतून आला, तो हद्दपारीने. तिथे असली सुनावणी झाली नाही. घरी त्याचं उदाहरण देऊन विचारतात, अमेरिकेला का जमत नाही? न जमण्याचं कारण न्यायालय आहे, आणि इथे राहणाऱ्या परक्याला तेच न्यायालय वाचवतं.

अमेरिकेला जाब विचारायचा तर डेव्हिड हेडलीचा विचारा. हल्ल्याआधी मुंबईची पाहणी त्याने केली, आणि २०१०च्या कबुलीच्या सौद्यात त्याला भारतात न पाठवण्याचं वचन मिळालं. त्याची ३५ वर्षं इथल्याच तुरुंगात जाणार. २०१६मध्ये मुंबईच्या न्यायालयाला तो पडद्यावर दिसला, तेवढाच. त्याने नाव बदलून अमेरिकन पासपोर्ट घेतला आणि त्यावर भारताचा व्हिसा सहज मिळवला. त्याची किंमत आमच्यासारख्यांनीही मोजली: २००९च्या अखेरीपासून भारताच्या पर्यटक व्हिसावर दोन फेऱ्यांत दोन महिन्यांचं अंतर सक्तीचं झालं, ते बहुतेकांसाठी २०१२च्या अखेरीस उठलं. आई अत्यवस्थ असली तरी आधी वकिलातीत सवलतीची विनवणी.

तो नियम मला अपमान वाटला होता आणि योग्यही. मुंबईच्या कटातून राणाला सोडणारे ज्युरीतले बारा जण माझ्या शिकागो परिसरातले होते. उद्या तसल्या खुर्चीत बसायची नोटीस मलाही येईल. ‘तुमची अमेरिका’ हे शब्द बोचतात ते यासाठी. माझ्यावर कधी वेळ आली तर न्यायालयाने प्रत्येक शब्द तपासावा, वर्षं लागली तरी चालतील, असं मला वाटतं. राणाच्या बाबतीत मात्र ती पाच वर्षं मलाही फार झाली होती.