पगारातले २०० रुपये

पुण्याच्या ग्रुपवर पुन्हा तेच: ‘आमच्या टॅक्समधून १५०० वाटतात, आता कामाला बाई मिळत नाही.’ जुलै २०२४ला लाडकी बहीण सुरू झाली, तेव्हापासून हप्ता जमा झाला की हे रडगाणं. बाई मिळत नाही म्हणजे आहे त्या पगारात मिळत नाही, एवढं तरी सरळ म्हणा.

योजनेत खोट आहे, पण ती दुसरीकडे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २.५ लाखांच्या वर एक रुपया गेला की वर्षाचे १८,००० बंद. इथे ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी भत्त्यात, कमाई वाढली तर पौंडामागे ५५ पेन्स कापतात, ४५ हातात राहतात. जमतं कारण मालक दर पगाराचा आकडा सरकारला कळवतो. आपल्याकडे पिवळं-केशरी रेशनकार्ड दाखवलं की उत्पन्नाचा दाखलाच माफ. मग ती रेषा मोजणार कशावर? (इथलंही सगळं सोवळं नाही. पहिला हप्ता पाच आठवड्यांनी, आणि मध्ये उचल घेतली तर पुढच्या हप्त्यांतून वळती.)

खरी गोची बँकेत होते. खात्याला आधार जोडणं वेगळं, डीबीटीचं सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे आधारवरून थेट याच खात्यात यावेत अशी नोंद, वेगळं. बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या एनपीसीआयच्या नोंदीत (मॅपरवर) एका आधारला एकच बँक, शेवटी सीडिंग झालेली. नवं खातं उघडताना संमतीच्या चौकोनात खूण झाली असेल, तर पैसे तिकडे आणि बाई जुन्या पासबुकावर एन्ट्री मारत उभी. आधी मॅपरवर बँक बघायची, मग हव्या त्या शाखेत सीडिंगचा फॉर्म भरायचा. ई-केवायसीला, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीला, तर नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला. विधवेने तो कुठून आणायचा? सुधारणा मागाहून आली. ग्रुपवर यावर चकार शब्द नव्हता.

आणि टॅक्सच काढलात म्हणून: तुमच्या पगारातून महिन्याला २००, फेब्रुवारीत ३०० कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ साली आला तोच रोजगार हमीसाठी. शहराने गावाची मजुरी द्यायची, हे महाराष्ट्राने देशाच्या कायद्याच्या ३० वर्षं आधी ठरवलं. तो कर कुणाला खुपलेला दिसला नाही.

इथे व्हिसावर असेपर्यंत ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’. कर पूर्ण भरा, युनिव्हर्सल क्रेडिट किंवा चाइल्ड बेनिफिट मागू नका. म्हणजे ‘आमच्या टॅक्समधून’ म्हणायचा हक्क खरा आम्हालाच, आणि तिकडच्या हप्त्यावर बोलायचा मुळीच नाही, कारण ते २०० भरायचे आम्ही केव्हाच थांबलो. ग्रुप म्यूट करावा, तर गावाकडचं कळणार कुठून?