बापू बुलेट विकतोय म्हणे

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढून होईपर्यंत बापू गप्प होता. ग्लास रिकामा केला, मिशीवरचा फेस पुसला आणि म्हणाला, "बुलेट काढावी म्हणतोय."

दिग्याचा ग्लास अर्ध्यातच थांबला. मास्तरांनी चष्मा काढला. अण्णांना कमी ऐकू येतं, त्यांना दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगितलं ते शेजारच्या चार अनोळखी लोकांनीही ऐकलं. कोल्हापुरात अशी बातमी दबत नाही. रंकाळा तळ्यापर्यंत चालत गेलो तेवढ्या वेळात बापूला दोन फोन आले, "किती म्हणतोयस?" म्हणून.

बापूची गाडी म्हणजे रॉयल एनफिल्डची २०१२ ची क्लासिक ३५०. कार्ब्युरेटरवाली, म्हणजे इंजिनाला कॉम्प्युटर नसलेली, मागं ड्रम ब्रेक, मीटरवर ९१ हजार. गोकर्ण, हंपी, एकदा कन्याकुमारी आणि वर्षातून दोनदा मालवण. मी मुलगी बघायला गडहिंग्लजला गेलो तो त्याच गाडीवर मागं बसून. त्यामुळं या विषयात मी निःपक्षपाती आहे असं कुणी समजू नये.

तळ्याच्या कट्ट्यावर टेकल्या टेकल्या अण्णांनी विचारलं, "का रं? काय झालं तिला?"

"तिला काय न्हाय झालं, अण्णा. मला झालंय."

मग त्यानं सांगितलं. दिवाळीआधी वहिनींना घेऊन गगनबावड्याहून येत होता. पाऊस थांबलेला, पण शेतातल्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर चिखल आणून ठेवलेला. समोर कुत्रं आलं, यानं घाबरून मागचा ब्रेक पूर्ण दाबला, चाक जाम झालं आणि गाडी घसरत गेली. "चूक माझीच. तीस वर्षं गाडी चालवतोय आणि तरी दाबला." वहिनींच्या मनगटाला पट्टी लागली, बाकी काही नाही. पण घरी कुणी रागावलं नाही, आणि बापूच्या मते तेच जास्त वाईट होतं.

"एबीएस पाहिजे तुला, ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ देत न्हाय ते," दिग्या म्हणाला. "१ एप्रिल २०१९ पासनं सव्वाशे सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना हायच की. म्हणजे कुठलीबी घे. आता कुठली, ते मी सांगतो."

दिग्या शिरोलीत फौंड्रीत आहे. इंजिन म्हटलं की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. त्यानं बोटांवर मोजायला सुरुवात केली. केटीएमची ३९० ॲडव्हेंचर, ट्रायम्फची स्क्रॅम्बलर ४०० एक्स, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स. आणि हिमालयन ४५०.

"हिमालयन त्याच कंपनीची की," मी म्हटलं.

"नाव तेच. ४५२ सीसी, पाण्यानं गार होणारं इंजिन, ४० पीएस म्हणजे चाळीसेक हॉर्सपॉवर, सहा गिअर. बापूच्या गाडीशी तिचं पाव्हण्याचंबी नातं न्हाय."

"मग बापूला कंपनी बदलायची आहे की इंजिन?" मास्तरांनी विचारलं. मास्तर गणित शिकवतात आणि प्रश्न असा टाकतात की पुढची दहा मिनिटं कुणी उत्तर देत नाही. बापूनंही दिलं नाही. शेंगदाण्याच्या पुडीत बोटं घालून बसला.

मास्तरांनीच मग पाटी पुसून नवं गणित घातलं. "साडेतीनशेची रेघ लक्षात घे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंत जीएसटी २८ चा १८ टक्के झाला. रेघेच्या वर गेलास की ४०. पूर्वी तिथं सेस धरून ३१ होता."

"म्हणजे एक सीसी वाढला की बावीस टक्के?"

"बावीस."

"एक सीसी म्हणजे किती हो?" अण्णा.

"एक मिली, अण्णा. तुमच्या डोळ्यात घालायच्या औषधाचे वीसेक थेंब."

अण्णा बराच वेळ तळ्याकडं बघत त्या थेंबांचा हिशेब करत राहिले. दिग्याच्या चार गाड्यांपैकी तीन रेघेच्या वर निघाल्या: ३९९, ३९८, ४५२. राहिली २४९ सीसीची व्ही-स्ट्रॉम. मास्तरांनी शांतपणे त्यात होंडाची हायनेस सीबी ३५० टाकली, इंजिन ३४८ सीसी.

"ती टूरची गाडी हाय व्हय?" दिग्या उसळला.

"टँक पंधरा लिटरचा. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढायचा जोर, ३० न्यूटन-मीटर, तोही मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनाच. बापूच्या गाडीचा २८ आहे, चार हजाराला. तुझ्या व्ही-स्ट्रॉमला तिचे बावीस न्यूटन-मीटर पूर्ण मिळवायला ७३०० पर्यंत पिळावं लागतं. बापू पिळणारा माणूस आहे का?"

बापू पिळणारा नाही. तिसऱ्या गिअरमध्ये टाकून डुगडुग करत फोंडा घाट चढणारा आहे. दिग्यानं वजन पुढं केलं. व्ही-स्ट्रॉम १६७ किलो, म्हणजे बापूच्या गाडीपेक्षा वीसेक किलोनं हलकी, आणि घसरली तर उचलायला कुणाची वाट बघायला नको. वर अलॉय चाकं, ट्यूबलेस टायर. "आऱ्याच्या चाकात ट्यूब पंक्चर झाली तर चाक खोल, टायर काढ, सगळा संसार रस्त्यावर मांड. ट्यूबलेसला स्ट्रिप मारली की दहा मिनिटात मोकळा." हे बापूला पटलं. कन्याकुमारीच्या वेळी तिरुनेलवेलीच्या अलीकडं तो संसार मांडून बसला होता.

मग विषय ताकदीवर आला आणि इथं खरी जुंपली.

मास्तरांचं म्हणणं असं की केटीएमचे ४६ पीएस घेऊन जायचं कुठं? मुंबई-पुणे द्रुतगतीवर दुचाकी बंद. समृद्धीवर बंद. बेंगळुरू हायवेला कागल ते सातारा सहापदरीचं काम आणि दर दोन मैलांवर डायव्हर्जन. चारपदरीवर दुचाकीला कायद्यानं जास्तीत जास्त ऐंशी. "मग काय, पन्हाळ्याला जाऊन यायला?"

दिग्या यावर चिडेल असं वाटलं होतं. तो उलट खाली बसला आणि हळू बोलायला लागला. दिग्या हळू बोलला की ऐकावं, एरवी नाही ऐकलं तरी चालतं.

"मास्तर, तुम्ही शंभरच्या वरचं बोलताय. मी चाळीस ते सत्तरचं बोलतोय. उसाचा हंगाम हाय. राधानगरी रोडला रात्री साडेसातला तुमच्या पुढं ट्रॅक्टर हाय, मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूनी हातभर बाहेर. मागच्या ट्रॉलीला दिवा न्हाय, रिफ्लेक्टर न्हाय. पुढं वळण. मधी दीडशे-दोनशे मीटर रस्ता मोकळा दिसतोय. त्यात तुम्हाला ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या असं सगळं ओलांडून परत डाव्या अंगाला यायचं हाय. मागं बायको हाय. बापूची गाडी चौथ्यातून तिसऱ्यात टाकून पिळली तरी विचार करून करून पळती. समोरनं प्रवासी भरलेली वडापची जीप आली म्हणजे? ताकद काय शायनिंगला लागत न्हाय. उलट्या बाजूला किती सेकंद राहायचं, त्याला लागती."

कुणी बोललं नाही. मास्तर थोड्या वेळानं म्हणाले, "मग ओलांडू नये." पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. चिपळूणच्या सासरवाडीहून येताना ते स्वतः कारनं ओलांडतात हे सगळ्यांना माहीत आहे.

इथंच चर्चा संपली असती आणि बापूनं उद्या जाऊन चारशेची गाडी बुक केली असती. पण मी मध्ये पडलो, कारण माझी जखम अजून ओली आहे. चार वर्षांपूर्वी मी कंपनी बदलली होती. कुठली ते लिहीत नाही, त्यांचा सेल्समन माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचा आहे. गाडी सुरेख होती. एके दिवशी आजऱ्याच्या पुढं मीटरवर पिवळा दिवा लागला आणि गाडी बंद. आंबोलीच्या पावसात उभा. तिथला गॅरेजवाला चांगला माणूस. त्यानं सीट काढली, आत बघितलं आणि देवघराचं दार लावावं तशी परत लावली. म्हणाला, "साहेब, याला कॉम्प्युटर लावायला पायजे." टेम्पोत घालून गाडी कोल्हापुरात आणली. एक सेन्सर. तळहातावर मावणारा. तो यायला सव्वीस दिवस लागले आणि त्या सव्वीस दिवसांत मी बापूच्या मागं बसून ऑफिसला गेलो.

"गाडी बदलायची म्हणजे मिस्त्री बदलायचा, बापू. तुझे मिस्त्री चाचा नुसत्या आवाजावरनं इंजिनातल्या टॅपेटचा बिघाड सांगतात. कार्ब्युरेटर रस्त्यावर खोलून साफ करतात. काही तुटलं तर उद्यमनगरात लेथवर करून आणतात. चंदगडला जा, कुडाळला जा, बुलेटचा पार्ट मिळणार आणि बुलेट खोलणारा माणूस मिळणार."

"तुझी गाडी जुनी गोष्ट झाली," दिग्या म्हणाला. "केटीएम आणि ट्रायम्फ कुठं बनत्यात? चाकणला. इथनं चार-पाच तास. सेन्सर काय ऑस्ट्रियातनं येतोय व्हय?"

"ऑस्ट्रियात २०२४ च्या नोव्हेंबरला केटीएमचं दिवाळं निघालं होतं," मास्तर.

"मग सोडवलं कुणी? आकुर्डीच्या बजाजनं! २००७ पासनं त्यांचा पैसा हाय त्यात."

"आणि हार्ले? २०२० ला इथला कारखाना बंद करून गेले की नाही? मग हिरोचा हात धरून परत आले."

अण्णा इतका वेळ वाटच बघत होते. कंपनी बंद पडण्याच्या विषयावर आमच्यात त्यांचा अधिकार मोठा. त्यांची गाडी येझदी रोडकिंग. किक मारायचा दांडा तोच, तो पुढं पाडला की गिअरचा दांडा. ही गोष्ट आम्ही वर्षातून सहा वेळा ऐकतो. "म्हैसूरची कंपनी १९९६ ला बंद झाली. मी गाडी सोडली न्हवती रं, कंपनीनं मला सोडलं. एका क्लचच्या केबलीसाठी निपाणीपर्यंत भंगारवाले पालथे घातले. शेवटी दुसऱ्या गाडीची केबल आणून तोडून बसवली."

"२०२२ ला आली की परत येझदी, अण्णा."

"नाव आलंय. किकनं गिअर पडतोय का तिला?"

यावर दिग्याकडंही उत्तर नव्हतं.

एवढं होईस्तोवर भेळ आली, आणि बापूनं खिशातून एक कागद काढला. म्हणजे गडी आधीच शोरूम फिरून आला होता आणि आम्हाला दोन तास बोलू दिलं! कागदावर सीटची उंची लिहिलेली. हल्लीची क्लासिक ८०५ मिलिमीटर. व्ही-स्ट्रॉम ८३५, स्क्रॅम्बलर ८३५, हिमालयन ८२५. बापू पाच फूट पाच इंच. तीन सेंटिमीटर म्हणजे काय ते उतारावर चिखलात पाय टेकवताना कळतं.

"वहिनी काय म्हणाल्या?" मी विचारलं.

वहिनी प्रत्येक गाडीवर मागं बसून आल्या होत्या. एका ठिकाणी सेल्समन पंधरा मिनिटं स्क्रीनवरचा नकाशा दाखवत होता. वहिनींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मागच्यानं धरायचं कुठं?" त्यानं मोबाइल जोडून दाखवला. वहिनींनी परत विचारलं, "धरायचं कुठं?" दुसरीकडं मागची सीट एवढी उंच की त्या म्हणाल्या, "माळ्यावर बसल्यागत वाटतंय." तिसरीवर बसल्या त्या उतरेनात. बापू ती कुठली ते सांगेना. मास्तर चेहऱ्यावरून होंडा म्हणाले, दिग्या हिमालयन म्हणाला आणि दोघांची दहा रुपयांची पैज लागली.

"चाचांना विचारलंस?" अण्णांनी विचारलं.

नव्हतं विचारलं. तेरा वर्षं गाडी ज्यांच्या हाताखाली, त्यांनाच सांगायचं राहिलं होतं. राहिलं कसलं, टाळलं होतं. मीच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"चाचा, बापू गाडी बदलतोय."

पलीकडं पान्याचा आवाज थांबला. मला वाटलं, आता रागावतील. "बदलू द्या की," चाचा म्हणाले. "मीच सांगणार होतो. वहिनी मागं बसत्यात, एबीएस पायजेच. कंपनी कुठलीबी घ्या, फकस्त पाय टेकला पायजे."

"पण सर्व्हिसिंग तुम्ही कराल ना?" बापूनं विचारलं. शाळेत पहिल्या दिवशी पोरगं विचारतं तसं.

"तेल बदलीन, चेन ताणून दीन, ब्रेक बघीन. कॉम्प्युटरचं काम पोरगं शिकतंय, त्याच्याकडं पाठवीन. आणि बापू, गुडघ्याचं ऑपरेशन हाय माझं जानेवारीत. दोन महिने खाली बसायचं न्हाय म्हणालाय डॉक्टर. त्याच्या आत तुमच्या जुनीची क्लच प्लेट टाकून घ्या."

माझा मुद्दा म्हणजे चाचा, आणि चाचांनीच तो काढून घेतला होता. दिग्या माझ्याकडं बघून हसलासुद्धा नाही, यावरून काय ते समजा.

"जुनीची कशाला चाचा," मास्तर म्हणाले, "ती तर विकायचीय."

"विकायची असं कुठं म्हटलं मी?" बापू म्हणाला.

"काढावी म्हणालास की, दूध पिताना."

"काढावी म्हणजे मालवणच्या टूरमधनं काढावी. बाजारला राहू दे."

मास्तरांनी लगेच बापूच्या बोळाची रुंदी काढली, त्यात दोन हँडल बसवली आणि शेजाऱ्याची स्कूटर हलवल्याशिवाय हे जमत नाही असं सिद्ध केलं. चाचा अजून फोनवरच होते. "शेडमधी लावा माझ्या," ते म्हणाले. "दोन महिने तशीबी रिकामीच हाय."

उद्या रविवार. दहा वाजता वहिनी दोन गाड्या परत बघायला येणार आहेत. दिग्यालाही बोलावलंय, तोंड न उघडण्याच्या अटीवर. भेळेचे पैसे अण्णांनी दिले. मास्तर आणि दिग्याची दहा रुपयांची पैज त्यांच्याकडंच ठेवलीय.